हृदयाचे ठोके आणि छातीचा पट्टा

नाडी पाहणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. वैद्यबुवा घरी आले, की आधी त्यांची तीन बोटे रोग्याच्या मनगटावर जात. मग जीभ, मग डोळे, आणि मग प्रश्न. निरोगी माणसाने रोज स्वतःची नाडी मोजावी, ही कल्पना मात्र अलीकडची. आज पहाटे वरोऱ्याच्या मोकळ्या रस्त्यांवर भरतीच्या तयारीची मुलेमुली धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीला हेच अंतर ५ आणि ३ किलोमीटर होते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या सदऱ्याखाली, आणि डॉक्टरांनी फिरायला सांगितलेल्या एखाद्या काकांच्या बनियनखालीही, छातीभोवती एक पट्टा असतो. हृदयाचे ठोके तो टिपतो आणि आकडा मनगटावरच्या घड्याळात उमटतो.

हा पट्टा फार टिकत नाही. काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षे. मग आकडे उड्या मारू लागतात. चालताना एकशे ऐंशी दाखवतात, धावताना सत्तर! मग दुसरा पट्टा कोणता घ्यावा, महागाचा की स्वस्ताचा, त्याच कंपनीचा की कोणत्याही, असा प्रश्न पडतो. प्रश्न किरकोळ वाटेल. पण खोट्या आकड्यावर विसंबून कोणी उन्हात जास्त धावला, किंवा उगाच घाबरून फिरणेच सोडून बसला, तर नुकसान खरे होते. आणि गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापेक्षा इतिहासच अधिक चांगले देतो. कारण हृदय मोजण्याच्या साऱ्या इतिहासात अडचण एकाच जागी आलेली आहे : शरीर आणि यंत्र जिथे एकमेकांना शिवतात तिथे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे प्रकरण सापडत नाही. ते नीट मांडलेले दिसते ते नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत. अंगठ्याच्या मुळाशी चालणारी नाडी ही जिवाची साक्षीदार, असे तिथे मानले आहे. वाताची नाडी सापासारखी वा जळवेसारखी वळवळते, पित्ताची बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी संथ चालते, असे हे वर्णन. लक्षात घ्या, इथे मोजणी नाही, चाल आहे. वैद्याचे बोट हेच यंत्र; आणि बोट जितके सरावलेले, तितके निदान बरोबर.

व्यायामाचे माप मात्र जुन्या ग्रंथांनी निराळ्या रीतीने दिले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे सुश्रुत सांगतो. आणि हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धी शक्ती संपली असे समजावे. वाग्भटाने त्याला ऋतूची जोड दिली : थंडीत आणि वसंतात अर्धी शक्ती, इतर ऋतूंत त्याहून कमी. आपल्या आखाड्यांतले वस्ताद कपाळावरचा घाम आणि श्वास पाहून पोराला ‘बस’ म्हणत, ते याच हिशेबाने. ही खूण आपण शेवटी पुन्हा उपयोगात आणणार आहोत.

मोजणीची हौस युरोपात वाढली. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या सान्तोरिओ नावाच्या वैद्याने दोरीला वजन टांगून लंबक केला. लंबकाचा झोका नाडीच्या ठोक्याशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची, आणि दोरीची लांबी हेच नाडीचे माप धरायचे. पुढे १७०७ साली इंग्लंडातल्या जॉन फ्लॉयर याने नेमके एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि एका मिनिटात ठोके किती, हा हिशेब रूढ केला. आज आपण ‘बहात्तर ठोके’ म्हणतो, त्यातले ‘मिनिटाला’ हे शब्द अशा रीतीने आले. तरी नाडीवर बोट माणसाचेच होते.

ते बोट निघाले विजेमुळे. हृदयाचे स्नायू आकुंचन पावताना अतिशय क्षीण वीज उत्पन्न होते आणि ती कातडीपर्यंत पोचते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने माणसाच्या हृदयातली ही वीज प्रथम नोंदवली. जिमी नावाच्या आपल्या कुत्र्यावरही तो हा प्रयोग लोकांना दाखवीत असे. त्यासाठी कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. मुक्या जनावराचा छळ होतो, म्हणून पुढे थेट ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. तेव्हा, भांड्यात साध्या मिठाचे पाणी आहे, असा खुलासा गृहमंत्र्यांना करावा लागला!

हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइंथोव्हेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी याहून कितीतरी नाजूक यंत्र केले आणि त्यातून आजचा ईसीजी जन्माला आला. त्याला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. पण तुम्ही लक्ष द्यावे ते रोग्याच्या हातापायांकडे. दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून रोगी बसलेला असे. कोरडी कातडी वीज नीट जाऊ देत नाही, मिठाचे पाणी जाऊ देते. वॉलरच्या कुत्र्याचे भांडे, आइंथोव्हेनच्या रोग्याची बादली आणि तुमच्या पट्ट्याखालचा घाम या तिन्ही गोष्टी एकच काम करतात.

आता कोणी म्हणेल, नाडी मनगटावर लागतेच की. मग छातीपर्यंत जायचे कशाला? याचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या परिणामांची यंत्रांनी तपासणी सुरू केली. योगी हृदय थांबवतात ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. पुढे वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक आणि दिल्लीचे डॉ. आनंद यांनी अशा योग्यांना यंत्र लावून पाहिले आणि १९६१ साली निष्कर्ष छापले. नाडी थांबवून दाखवणाऱ्यांची मनगटावरची नाडी खरोखरच लागेनाशी होई. पण ईसीजीवर हृदय आपले चालूच! श्वास रोखून आणि स्नायू आवळून ते रक्ताचा लोंढा अडवीत, एवढेच. योग्यांची साधना यामुळे लहान ठरत नाही. आपल्यापुरता बोध इतकाच, की मनगटावर कळते ती रक्ताची लाट आणि छातीवर कळते ती हृदयाची वीज. दोन्ही बहुधा जुळतात. पण नेहमीच जुळतील असे नाही.

हे यंत्र चालत्या माणसाच्या अंगावर कसे आले, ती कथा आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष आवडेल, कारण ती रेडिओची कथा आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला नॉर्मन होल्टर हा पदार्थवैज्ञानिक. १९४० ते १९५० या दशकाच्या अखेरीस त्याने सुमारे ३८ किलोचे यंत्र पाठीवर बांधले, व्यायामाची सायकल चालवली आणि आपल्या हृदयाचा आलेख रेडिओलहरींवरून दुसरीकडे पाठवला. ३८ किलो म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या जवळजवळ पाऊणपट ओझे! पुढे ट्रान्झिस्टर आले, ओझे उतरले, आणि चोवीस तास खिशात बाळगण्याचे होल्टरचे यंत्र इस्पितळांत रूढ झाले.

खेळाडूंसाठीचा पट्टा आला तो फिनलंडातून. तिथे बर्फावरून लांब पल्ल्याची दौड हा घरोघरचा खेळ. खेळाडू थांबला, हातमोजा काढला, गारठलेल्या बोटांनी मानेवरची नाडी चाचपू लागला, की तेवढ्यात ठोके उतरायला लागलेले असत. शिवाय दहा सेकंद मोजून सहाने गुणायचे, तर एका ठोक्याच्या चुकीने सहांचा फरक. औलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी यावर तोड काढली. १९७७ साली त्यांनी पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ साली तिचे बिनतारी यंत्र बाजारात आले : छातीवर प्रक्षेपक, मनगटावर ग्राहक. बर्फाच्या देशात जन्मलेला हा पट्टा आज, पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात वापरला जातो; त्याच्या तक्रारीही म्हणूनच थोड्या निराळ्या.

पट्ट्याच्या आत काय असते ते पाहू, म्हणजे निवड सोपी होईल. पट्ट्याच्या आतल्या अंगाला दोन वीजग्राही पट्ट्या असतात. त्या कधी काळ्या रबरासारख्या, तर कधी चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांच्या असतात. दोन्हींमध्ये हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला सुमारे एका व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका फरक पडतो. पुढे टिचबटणांनी बसवलेली लहान डबी हा फरक ओळखते, दोन ठोक्यांमधला वेळ मोजते आणि आकडा लहरींवर सोडते. ठोक्या-ठोक्यांत अर्धा सेकंद गेला, तर मिनिटाला एकशे वीस. म्हणजे डबी हे छोटेसे प्रक्षेपण केंद्र, तर पट्टा हा कार्यक्रम टिपणारा मायक्रोफोन. मायक्रोफोन बिघडला म्हणून कोणी सारे केंद्र विकायला काढीत नाही!

म्हणून पहिली गोष्ट : दोष कोणाचा ते ठरवा. डबीतला नाण्यासारखा सेल आधी बदला. तो स्वस्त असतो. मग पट्ट्या पाण्याने नीट ओल्या करून पट्टा बांधा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटेच आकडा वेडावाकडा येत असेल आणि घाम आल्यावर ताळ्यावर येत असेल, तर पट्टा ठीक आहे. तुम्ही तो कोरडा बांधत होता, इतकेच. घाम निथळत असतानाही उड्या थांबत नसतील, तर पट्ट्याचे आयुष्य सरले. एखाद्या मित्राच्या पट्ट्यावर आपली डबी लावून पाहता आली, तर शंका उरतच नाही.

पट्टाच गेला असेल, तर नुसता पट्टा मिळतो. डबी तीच ठेवा. जुनी टिचबटणे कागदावर ठेवून मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि ते लिहून ठेवा. पुष्कळ कंपन्यांच्या डब्या एकमेकींच्या पट्ट्यांवर बसतात, पण सर्वच बसतात असे नाही. टपालाने मागवलेला पट्टा केसाएवढ्या फरकाने परत करावा लागतो. काही जुन्या प्रकारांत पट्टा आणि प्रक्षेपक एकजीव, कठीण प्लास्टिकचा असतो आणि सेलही आत बंद केलेला. तो गेला की सगळेच गेले. नव्याने घेताना डबी सुटी होणारा, मऊ कापडी पट्टा घ्यावा. तो धुता येतो आणि छातीच्या गोलाईवर नीट बसतो.

संपूर्ण जोडी नवी घ्यायची असेल, तर भाषेचा प्रश्न येतो. जुने पट्टे ५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय लहरींवर बोलतात. त्यांचा पल्ला हातभर-दोन हात, पण त्या पाण्यातूनही जातात. व्यायामशाळांतली बरीच जुनी धावयंत्रे हीच भाषा समजतात. नवे पट्टे ब्लूटूथ किंवा अँट-प्लस या पद्धतींनी बोलतात. त्यांचा पल्ला मोठा, मोबाइलशी त्यांचे जमते, पण पाण्यात त्यांचा आवाज लगेच बुडतो. तुमचे घड्याळ, मोबाइल किंवा यंत्र यांपैकी काय ऐकते, हे आधी पाहा. काही पट्टे तिन्ही भाषा बोलतात. ज्याच्याकडे जुने-नवे असे दोन्ही सामान आहे, त्याने तसा घ्यावा. ज्याच्याकडे एकच घड्याळ आहे, त्याने जादा भाषांचे पैसे कशाला मोजावेत?

मापाकडे दुर्लक्ष करू नका. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांवर बसतो. बायकांनी तो आतल्या कपड्याच्या पट्टीच्या लगत खाली बांधावा. त्या जागेचा घेर फितीने मोजा आणि त्या मापाचा पट्टा मागवा. धावताना घसरणार नाही इतका घट्ट, पण दोन बोटे जातील आणि खोल श्वास अडणार नाही इतका सैल असावा. सडपातळ पोरांच्या अंगावर मोठ्या मापाचा पट्टा शेवटपर्यंत आवळूनही सरकतो, आणि मग दोष यंत्राला लागतो.

मनगटावर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजणारी घड्याळेही आता सर्वत्र आहेत. चालण्यासाठी, झोपेसाठी ती पुष्कळांना पुरतात. पण योग्यांची गोष्ट आठवा : तिथे मोजली जाते ती रक्ताची लाट. हात जोराने हलला, पट्टा सैल झाला, की लाट हरवते; कधी कधी तर घड्याळ ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागते. ज्यांना छातीचा पट्टा काचतो, त्यांनी दंडावर बांधायचा प्रकाशाचा पट्टा पाहावा. दंड मनगटापेक्षा स्थिर असतो.

वरोऱ्याचे नाव घेतले, की आनंदवनाची आठवण अटळ आहे. बाबा आमट्यांनी १९५१ साली इथे ती वसाहत सुरू केली आणि कुष्ठरोग झालेली माणसे कष्टाने उभी राहू शकतात हे देशाला दाखवले. कुष्ठरोगात मज्जातंतू दुखावतात, बोटांच्या टोकांची जाणीव जाते, आणि काही ठिकाणी कातडीला घाम येत नाही. रोग बरा झाला, तरी गेलेली जाणीव पुष्कळदा परतत नाही. अशा माणसाला स्वतःची नाडी बोटाने मोजणे कठीण. त्याला पट्ट्याचा उपयोग इतरांहून अधिक. पण जिथे घाम येत नाही तिथे घामावर विसंबता येत नाही; पट्ट्या पाण्याने किंवा ईसीजीच्या मलमाने मुद्दाम ओल्या कराव्या लागतात. शिवाय जाणीव नसलेल्या कातडीला काचलेले कळत नाही. म्हणून पट्टा काढल्यावर ती जागा डोळ्यांनी पाहावी. मधुमेहाने ज्यांची जाणीव मंदावली आहे, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता निगा. पट्टा मरतो तो बहुधा ज्या घामावर चालतो त्याच घामाने. मीठ धाग्यांवरचा मुलामा खाते आणि टिचबटणांना गंज चढवते. म्हणून रोज डबी काढून ठेवायची, पट्टा साध्या पाण्यात खळबळायचा आणि सावलीत वाळवायचा. डबी ओल्या पट्ट्यावर तशीच राहिली, तर आतले यंत्र जागेच राहते आणि सेल संपतो. पिळू नका, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोरीवर तर मुळीच टाकू नका. रबर कडक होऊन तडकते. अंगाला तेल, बाम लावून पट्टा बांधला, तर तेलाचा थर वीज अडवतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत नायलॉनचा फडफडणारा सदरा अंगावर घासून वीज निर्माण करतो आणि आकडा एकाएकी उसळतो. सुती बनियन घातले की बहुधा थांबतो. आणि वरोऱ्याच्या परिसरात वीजकेंद्रे आहेत, उच्च दाबाच्या तारा आहेत. रोज त्याच तारांखाली आकडा बिघडत असेल, तर पट्टा बदलण्याआधी रस्ता बदलून पाहा!

शेवटी आकड्याविषयी. २२० मधून वय वजा करा, हे सूत्र सगळीकडे सांगतात. ते १९७१ साली निघालेल्या एका ढोबळ अंदाजावरून आले. प्रत्येक माणसाची ती मर्यादा नव्हे. पुढे २००१ साली दुसरे सूत्र सुचवले गेले : वयाची सातदशांश पट २०८ मधून वजा करा. साठ वर्षांच्या माणसाला पहिले सूत्र १६० देते, दुसरे १६६. सरासरीतच इतका फरक, मग माणसामाणसांत किती असेल! रक्तदाबाच्या काही औषधांनी ठोके मुळातच कमी राहतात, तिथे कोणतेच सूत्र चालत नाही. तिथे डॉक्टरांनी सांगितलेला आकडाच खरा. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्यांनी पट्टा बांधण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणि ऊन विसरू नका. तोच रस्ता, तोच वेग. तरी मे महिन्यात ठोके डिसेंबरपेक्षा जास्त पडतात, कारण अंग थंड ठेवायला हृदयाला कातडीकडेही रक्त पाठवावे लागते आणि घामाने शरीरातले पाणी घटते. तेव्हा वाढलेला आकडा पाहून पट्ट्यावर संशय घेऊ नये. वेग कमी करावा. थंडी आणि वसंत सरले की शक्ती राखून व्यायाम करा, हे वाग्भटाचे सांगणे आपल्या या मुलखात अक्षरशः पाळण्यासारखे आहे.

यासाठी एक साधी सवय लावून घ्या. आकडा पाहिला, की श्वासही पाहा. आकडा शंभर म्हणतो आणि तुम्ही तोंडाने धापा टाकत आहात, तर आकडा खोटा समजून थांबा. आकडा एकशे नव्वद म्हणतो आणि तुम्ही सोबत्याशी सहज गप्पा मारत चालला आहात, तर थांबून दोन बोटे मनगटावर ठेवा आणि मोजा. नाडी संथ लागली, तर पट्टा ओला करा, आवळा, आणि पुढे चला. पण नाडीही तशीच धावत असेल, किंवा छातीत दुखले, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारले, तर कोणताही आकडा न पाहता बसा आणि डॉक्टर गाठा.